उशीर कोणाला झाला?

गेल्या महिन्यात तालुक्याची बैठक आटोपल्यावर एक साथी माझ्याजवळ येऊन बसले. ते एस.टी.त वाहक आहेत. संघटनेचे काम मन लावून करतात, स्वतःविषयी सहसा काही बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते मुलीविषयी बोलले. मुलगी सातवीत आहे. बारा पूर्ण होऊन तेरावे लागले आहे. शाळेच्या स्पर्धेत ती सहाशे मीटर धावली आणि पहिली आली. तेव्हापासून तिला धावण्याचा ध्यास लागला आहे. म्हणून ते तिला जिल्ह्याच्या गावी एका खाजगी अकादमीत घेऊन गेले. तेथील गृहस्थांनी मुलीला एकदाही धावायला सांगितले नाही. वय विचारले आणि म्हणाले, "फार उशीर केलात. आमच्याकडे मुले सहाव्या-सातव्या वर्षी येतात. आता छंद म्हणून धावू द्या." छंदासाठीची महिन्याची फी मात्र त्यांनी सांगून ठेवली. हे सारे सांगून साथींनी मला विचारले, "गुरुजी, खरंच उशीर झाला का हो? मला आधीच कळायला हवं होतं का?"

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मुलीला उशीर झाला काय, याचे उत्तर शरीरशास्त्राने आणि अनुभवाने द्यावयाचे आहे. दुसऱ्या भागात एक कष्टकरी बाप स्वतःलाच दोषी ठरवीत आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपली, राजकीय कार्यकर्त्यांची आहे. दोन्ही भागांचा विचार येथे क्रमाने करू.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, काही खेळांत लवकर सुरुवात करण्याला खरोखरच महत्त्व आहे. जिम्नॅस्टिक्स हे त्याचे ठळक उदाहरण. शरीर हलके आणि लवचिक असते त्या वयातच त्यातील अवघड कसरती अंगवळणी पडतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्ट प्रकारात चौथी आलेली त्रिपुराची दीपा कर्माकर सहाव्या वर्षापासून सराव करीत होती. जलतरणात पाण्याची सवय, टेनिस-बॅडमिंटनसारख्या खेळांत हात आणि डोळा यांचा मेळ लहानपणी जमलेला असला तर पुढे सोपे जाते, हेही खरे. परंतु एका खेळाचे सत्य सर्व खेळांना लावणे ही वैचारिक आळसाची खूण आहे. आणि जिम्नॅस्टिक्समध्येसुद्धा कोवळ्या मुलींच्या शरीरावर पडणारा ताण पाहून आंतरराष्ट्रीय महासंघाला १९९७ पासून ज्येष्ठ स्पर्धेसाठी मुलींचे किमान वय पंधरावरून सोळा करावे लागले, ही गोष्ट विसरता येणार नाही.

धावणे, फेकणे, उड्या मारणे, वजन उचलणे, नेमबाजी, नौकानयन यांची स्थिती निराळी आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास. ही वाढ होण्यापूर्वी कोणाचे शरीर पुढे कसे घडेल, हे छातीठोकपणे सांगणे कठीण असते. अकराव्या वर्षी सर्वांना मागे टाकणारा मुलगा पुष्कळदा केवळ लवकर वयात आलेला असतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी इतर मुले त्याला गाठतात आणि त्याच्या वाट्याला येते ते अकाली वैफल्य. दीर्घ पल्ल्याची दमछाक सोसण्याची शक्ती तर विशी ओलांडल्यावरही वाढत राहते. तेरा वर्षांच्या मुलीला धावण्यासाठी उशीर झाला असे म्हणणे, म्हणजे मोहोर धरण्याआधीच झाड वांझ ठरविण्यासारखे आहे.

अभ्यासकांनी जमविलेला पुरावाही याच बाजूचा आहे. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एक आकडा उचलून माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ साली दहा हजार तासांचा नियम लोकप्रिय केला. रोज तीन तास धरले तर हे तास भरायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. मग पालकांनी हिशेब मांडला की, विसाव्या वर्षी यश हवे तर अकराव्या वर्षाच्या आत सुरुवात हवी. खुद्द एरिक्सन यांनी हा नियम आपल्या संशोधनाचा विपर्यास असल्याचे पुढे सांगितले. पण तोवर त्या आकड्यावर दुकाने उभी राहिली होती. उलट २०२१ साली आर्ने ग्युलिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंविषयीचे निरनिराळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्र वेगळेच निघाले. बालवयात चमकणारे खेळाडू एकाच खेळात लवकर रुतलेले होते. प्रौढपणी जगात अग्रस्थानी पोहोचलेल्या खेळाडूंनी मात्र राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंच्या तुलनेत आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता, लहानपणी ते इतरही खेळ खेळले होते, आणि त्यांची आरंभीची प्रगती संथ होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली जो सल्ला दिला, तोही हाच की, एकाच खेळाला वाहून घेणे साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलावे. कारण वाढत्या हाडांवर बारमाही तोच तो ताण पडला म्हणजे दुखापती होतात, आणि मनही विटते.

परदेशी अभ्यास बाजूला ठेवून आपल्याच मातीकडे पाहू. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका दुष्काळाचा. तेथल्या मांडवा गावच्या शेतकरी कुटुंबातील अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. सियाचेनच्या बर्फात त्याने पहारा दिला. २०१५ साली, म्हणजे एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, तो सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला आणि त्यानंतर तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०१८ साली त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूपेक्षा अवघ्या पाच शतांश सेकंदांनी मागे राहून त्याने रौप्यपदक घेतले, २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. एकविसाव्या वर्षी हा तरुण त्या अकादमीच्या दारात उभा राहिला असता तर त्याला काय ऐकावे लागले असते, ते सांगायला नको.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लहानपणापासून धावत होती हे खरे. पण स्टीपलचेस हा प्रकार तिने धरला तो २०१४ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर. दोन वर्षांत ती रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होती. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे चौदाव्या वर्षी, २००९ साली, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. २०२४ साली त्याने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. आणि ज्यांना 'उशीर' हा शब्दच ठाऊक नव्हता असे मुरलीकांत पेटकर! सांगली जिल्ह्याचा हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक जिंकले.

या उदाहरणांत एक धागा आहे, तो नीट पाहिला पाहिजे. साबळे सैन्यात गेला म्हणून धावपटू झाला. पेटकरांनाही खेळाडू म्हणून घडविले ते सैन्याने. त्याआधी मिल्खासिंग सैन्यात भरती झाल्यावरच शर्यतीत धावू लागले आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चौथे आले. सैन्यात असे काय आहे? दोन वेळचे पोटभर अन्न आहे, पायात बूट आहेत, ठरलेली वेळ आहे, धावायला मोकळी जागा आहे, शिकवणारा माणूस आहे आणि घरी पाठवायला पगार आहे. शेतकऱ्याच्या मुलाला या गोष्टी एकत्र मिळतात त्या वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी, आणि त्याही छावणीत. त्या छावणीबाहेर राहिलेल्या लाखो मुलांचे काय? आणि जिला हे दार अगदी अलीकडेपर्यंत बंद होते, त्या शेतकऱ्याच्या मुलीचे काय?

यावर कोणी म्हणेल, खेड्यातली मुले उशिरा सुरुवात करतात हेच मुळी खरे नाही. ती जन्मापासून खेळतच असतात. या म्हणण्यात तथ्य आहे. शाळेसाठी रोज काही किलोमीटर तुडवणारा मुलगा, विटीदांडू, सूरपारंब्या आणि खो-खोत वाढलेली मुलगी यांच्या अंगात तोल, चपळाई आणि दम असतो. अभ्यासक ज्याला अनेक खेळांचा पाया म्हणतात, तो त्यांनी पैसे न मोजता घातलेला असतो. कोल्हापूरच्या तालमीत मातीत लोळणाऱ्या पोराला कोणी जन्मदाखला मागत नव्हते. वस्तुतः ही मुले उशिरा सुरुवात करीत नाहीत. त्यांची नोंद उशिरा होते, इतकेच.

परंतु येथेच आपण सावध राहिले पाहिजे. दारिद्र्याचे असे गुणगान करण्याचा मोह सुखवस्तू माणसाला फार लवकर होतो. पाण्याच्या हंड्यासाठी डोंगर चढणाऱ्या मुलीचे पाय मजबूत होतात, हे तिला पाणी न देण्याचे समर्थन होऊ शकत नाही. कुपोषण हीच शरीराची खरी मर्यादा आहे. पहिल्या काही वर्षांत पोटाला कमी पडले, वाढ खुंटली, रक्त कमी राहिले, तर त्या नुकसानीची भरपाई पुढे कोणताही प्रशिक्षक पूर्णपणे करू शकत नाही. खेळाच्या बाबतीत 'फार उशीर झाला' हे वाक्य कोठे खरे असेल तर ते येथे, अंगणवाडीच्या ताटापाशी. एका साबळेच्या मागे किती जण वाटेतच गळाले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मग सहाव्या वर्षाचा हा धाक कोठून आला? त्याचा उगम बाजारात आहे. मुलाला आठव्या वर्षी अकादमीत घालायचे तर फी हवी, दुचाकी-चारचाकीने ने-आण हवी, दुपारी मोकळी असलेली आई किंवा पगारी माणूस हवा. ही ऐपत असलेल्या घरांतील मुले लवकर सुरुवात करतात, दहाव्या वर्षी साहजिकच पुढे दिसतात, आणि निवडही त्यांचीच होते. निवड झाली म्हणजे चांगला प्रशिक्षक, चांगल्या स्पर्धा आणि चांगला आहार त्यांनाच मिळतो. काही वर्षांनी आपण त्यांचे यश पाहतो आणि म्हणतो, पाहा, लवकर सुरुवात केली म्हणून जिंकले! आधी दार लावून घ्यायचे आणि मग बाहेर राहिलेल्यांना उशिरा आलात म्हणून बोल लावायचा, असा हा व्यवहार आहे. शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत आपल्या समाजात जी रीत चालते, तीच मैदानावरही चालते.

निवडीतील हा दोष किती खोल असतो, ते १९८५ साली कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासात दिसून आले. तेथे वयोगटाची मोजणी एक जानेवारीपासून होई, आणि वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा आढळला. डिसेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटात जवळजवळ वर्षाने लहान. तो कमी पडला म्हणून गळाला. आपल्याकडे तर याहून मौज आहे. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली माणसे गावोगाव सापडतील. मीही काही जणांची लिहिली असेल! अशा देशात कागदावरचे वय पाहून एखाद्या पोराचे भवितव्य मिटवून टाकणे हा शुद्ध अविचार आहे.

येथे समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी एक आत्मपरीक्षणही केले पाहिजे. खाजगी अकादमीऐवजी सरकारने मुले लवकर वेचली म्हणजे प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये. पूर्व जर्मनीने हेच केले होते. पावणेदोन कोटींच्या आतबाहेर लोकसंख्येच्या त्या देशाने मुले कोवळ्या वयात निवडून क्रीडाशाळांत घातली आणि पदकांच्या यादीत महासत्तांच्या बरोबरीने स्थान मिळविले. त्या पदकांची किंमत पुढे कळली. अल्पवयीन मुलींनासुद्धा त्यांच्या नकळत संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात होत्या, आणि हे शासकीय योजनेनुसार चालले होते. २००० साली त्या राजवटीचे माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरविले. मूल हे राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा कच्चा माल मानले की, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, परिणाम तोच होतो.

याउलट नॉर्वेकडे पाहावे. तेथील क्रीडासंघटनांनी १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली मुलांचे क्रीडाहक्क मान्य केले. मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत निकालाच्या क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत, तेरा वर्षांचे होईपर्यंत त्याला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी उतरवायचे नाही, आणि कोणता खेळ किती खेळायचा हे ठरविण्यात मुलाचे मत घ्यायचे, असे ते नियम आहेत. सुमारे पंचावन्न लाखांच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला. नॉर्वे श्रीमंत आहे, बर्फ त्याच्या दारात आहे, हे सारे खरे. तरीही मुलांना लवकर गाळले नाही म्हणून देश मागे पडत नाही, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

आपल्याकडे खरा अनर्थ सुरुवातीच्या वयाचा नाही. तो थांबण्याच्या वयाचा आहे. नववीत गेले की घराघरांत खेळ बंद होतो. दहावीचे वर्ष, मग बारावीचे वर्ष. शरीर ज्या वयात खऱ्या अर्थाने घडू लागते, नेमके त्याच वयात मुलाला खुर्चीत बसविले जाते. जे थोडे खेळत राहतात त्यांच्यातील अनेकांचे लक्ष सवलतीच्या क्रीडागुणांच्या प्रमाणपत्रावर असते; ते हाती पडले की मैदान सुटते. मुलीच्या बाबतीत हे आणखी आधी घडते. पाळी सुरू झाली, शाळेत स्वच्छतागृह धड नाही, सरावाहून परतताना अंधार पडतो, लोक बोलतात, आणि घरात लग्नाचा विषय निघतो. तेराव्या वर्षी उशीर झाला म्हणणाऱ्यांनी, पंधराव्या वर्षी तिला घरी कोणी बसविले, हेही कधी विचारावे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे. आपल्या तालुक्यातील किती शाळांना ते आहे, याची पाहणी आपण स्वतः करावी आणि ती ग्रामसभेत मांडावी. क्रीडाशिक्षकाचे पद भरलेले असावे, आणि त्याला खिचडीच्या नोंदी व सर्वेक्षणाचे अर्ज यांतून मोकळे ठेवावे. सरकारी निवड एकदाच, लहान वयात, करून थांबू नये; सोळाव्या आणि अठराव्या वर्षीही दार उघडे असावे, आणि उशिरा आलेल्यासाठी वसतिगृह व आहार यांची तरतूद असावी. खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे ते योग्यच. पण ते शेवटच्या पायरीवरचे बक्षीस आहे. पहिल्या पायरीवर मैदान आणि दूध लागते.

सरकारकडे मागताना आपलेही एक कर्तव्य आहे. संध्याकाळी तासभर शाळेचे फाटक उघडून मुलामुलींना एकत्र खेळविणे, आणि अंधार पडल्यावर मुलींना घरापर्यंत पोहोचविणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. हे काम आपल्या कार्यकर्त्यांनी एके काळी नित्यनेमाने केले आहे. सभा-मोर्चांच्या धावपळीत ते मागे पडले, ही कबुली दिली पाहिजे.

आता त्या साथींना उत्तर. मुलीला उशीर झालेला नाही. तिला धावू द्या. वर्षभर खो-खोही खेळू द्या, पोहायला मिळाले तर पोहू द्या. अंडी, शेंगदाणे, डाळ तिच्या ताटात नियमाने पडेल एवढे पाहा. नववीत गेली म्हणून तिचे मैदान बंद करू नका. ती ऑलिंपिकला जाईल असे वचन कोणी देऊ शकत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून दूर राहा. पदक न मिळताही निरोगी, धीट आणि स्वतःच्या शरीराची मालकीण असलेली तरुणी घडली, तर त्या धावण्याचे सार्थक झाले.

आणि तुम्हाला आधी कळायला हवे होते काय? साथी, तुमच्या गावात मैदान नव्हते, शाळेत क्रीडाशिक्षक नव्हता, पहाटेच्या गाडीची तुमची पाळी चुकत नव्हती. हा उशीर तुमचा नाही, तो आम्हा सर्वांचा आहे. पुढच्या बैठकीला येताना मुलीला बरोबर आणा. बैठक शाळेतच आहे. आपण चर्चा करू तोवर पटांगण तिचेच आहे.